मिटलेल्या ओठांचे एक्केचाळीस सेकंद

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत विद्यार्थ्यांनी केलेल्या म्युझिक व्हिडिओंबद्दल आलेला लेख मी दोनदा वाचला. मुलांचे व्हिडिओ एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, त्यांना संकेत, म्हणजे त्या-त्या प्रकारच्या व्हिडिओचे ठरलेले रिवाज, पाळायला नव्हे तर मोडायला शिकवायला हवं, असा त्या लेखाचा सूर होता. लेखकाची कळकळ खरी आहे. पण सव्वीस वर्षं एडिट टेबलवर काढल्यानंतर आणि गेली काही वर्षं संकलन शिकवत असताना मला त्या वाक्याची भीती वाटू लागली आहे. कारण हेच वाक्य आता मूल्यमापनाच्या तक्त्यांत शिरलं आहे. ‘संकेत मोडले का?’ असा एक रकाना असतो आणि त्यापुढे गुण असतात. मुलं हुशार असतात. रकाना दिसला की तो भरायचा कसा हे त्यांना बरोबर कळतं.

नुकतीच मी एका ठिकाणी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका संस्थेचा नाही. तिथे पाहिलेल्या एका व्हिडिओबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे.

गाणं रॉकचं. लांबी तीन मिनिटं बेचाळीस सेकंद. बँड विद्यार्थ्यांचाच, गायिका त्यांच्याच वर्गातली, दिग्दर्शन आणि संकलन दुसऱ्या एका मुलीचं. पहिल्या कडव्यात गायिका कुणावर तरी चिडून बोलते आहे, थेट ‘तू’ म्हणून. मग ध्रुवपद. दुसऱ्या कडव्यात शब्दांचा काळच बदलतो. त्यातल्या सगळ्या ओळी म्हणजे त्या वेळी मनात होतं आणि बोलायचं राहून गेलं, ते आहे. चाल तीच, गिटारचा गोंगाटही तोच. फक्त बोलणं आता तोंडातून बाहेर न पडलेलं.

व्हिडिओ सुरू होतो तो अगदी रॉकच्या रिवाजाने. रिकामा मोठा हॉल, मागून येणारा प्रकाश, धूर, हातात धरलेला कॅमेरा, ड्रमच्या ठोक्यावर कट, गिटारच्या तारांवर बोटांचे क्लोजअप, गायिकेची नजर सरळ लेन्समध्ये. पहिल्या चौऱ्याण्णव सेकंदांत मी एकसष्ट कट मोजले. यातलं काहीही नवं नव्हतं आणि सगळं नेटकं होतं.

मग एक मिनिट चौतीस सेकंदांवर दुसरं कडवं सुरू होतं आणि गायिकेचे ओठ मिटलेले राहतात. आवाज तिचाच चालू आहे. बाकीचा बँड सुरात, ठेक्यात वाजवतो आहे. ती मायक्रोफोन स्टँडवर ठेवते, मागे जाते, किक ड्रमच्या शेजारी जमिनीवर बसते आणि बेस वाजवणाऱ्याच्या बोटांकडे पाहत राहते. कॅमेरा हातातून खाली आला आहे, तिपाईवर स्थिर. एकच शॉट, एक्केचाळीस सेकंद, मध्ये एकही कट नाही. धूर विरलेला, हॉलचे साधे दिवे लागलेले. दोन मिनिटं पंधरा सेकंदांवर ध्रुवपद परत येतं आणि कट पुन्हा धावू लागतात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी मोकळेपणाने लिहिते. आयुष्यात इतकं लिप सिंक, म्हणजे ओठ आणि आवाज यांचा मेळ, जुळवलं आहे की मिटलेल्या ओठांनी मला असं हलवावं याचंच मला नवल वाटलं.

माझ्या शेजारच्या परीक्षकाने तक्त्यात लिहिलं, ‘दुसऱ्या कडव्यात लिप सिंक सुटले आहे. शॉट अतिलांब. रॉकची ऊर्जा टिकत नाही.’ तांत्रिक भागाचे गुण कापले गेले. मी हरकत घेतली. त्यावर मला सांगण्यात आलं की हेतू काय होता यापेक्षा पडद्यावर काय दिसतं ते महत्त्वाचं. मला ते मान्य आहे, म्हणूनच पडद्यावर काय दिसत होतं ते इथे सांगते.

पहिल्या भागात ड्रमरचा एक लांबून घेतलेला शॉट आहे. प्लेबॅकचा, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं वाजवणारा, स्पीकर हॉलच्या एका टोकाला आणि ड्रमर दुसऱ्या टोकाला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस चित्रं, या हिशेबात एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, आणि तेवढ्या वेळात आवाज जेमतेम साडेतेरा-चौदा मीटर पोचतो. म्हणजे चौदा मीटरवर बसलेला ड्रमर स्पीकरचं ऐकून जेव्हा काठी मारतो, तेव्हा तो एक फ्रेम मागे असतो. त्याच्या हातात दोष नसतो, अंतराचाच तो उशीर असतो. मी त्या दिग्दर्शक मुलीची संकलनाची टाइमलाइन उघडून पाहिली, तर तिने ड्रमरची प्रत्येक लांबची क्लिप एक फ्रेम आधी घेतलेली होती. जिला एका फ्रेमचा उशीर खुपतो, तिच्या हातून एक्केचाळीस सेकंदांचे ओठ सुटतील का?

ओठांचा हा संकेत आला कुठून, हे थोडं सांगायला हवं, नाहीतर तो मोडण्याचं मोल कळणार नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत ‘साउंडी’ नावाच्या तीनेक मिनिटांच्या संगीतफिल्म निघत. पॅनोरॅम नावाच्या नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रात त्या दिसत. एका रिळावर आठ फिल्म एकापाठोपाठ जोडलेल्या असत, त्यामुळे आवडीचं गाणं निवडण्याची सोयच नव्हती, पुढचं जे येईल ते पाहायचं. तिथेही बहुधा गाणं आधी ध्वनिमुद्रित होई आणि मग कलाकार त्यावर ओठ हलवत. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधीची ही पद्धत. आपल्याकडच्या चित्रपटांनी तर पार्श्वगायन आणि पडद्यावरचे ओठ यांची अशी गाठ मारली की ओठ आणि गळा दोन माणसांचे आहेत हे माहीत असूनही आपण ते एकच मानतो.

हे मानणं नुसत्या सवयीचं नाही, त्यात शरीराचाही भाग आहे. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कानावर ‘बा’ पडतं आणि डोळ्यांना ‘गा’ म्हणणारे ओठ दिसतात, तेव्हा बऱ्याच लोकांना ‘दा’ ऐकू येतं. म्हणजे आपण डोळ्यांनीही ऐकतो. ओठ आणि आवाज जुळले की शब्द अंगावर येतात, स्पष्ट होतात. ओठ मिटलेले दिसले की तोच आवाज एकदम आतून आल्यासारखा वाटतो. त्या मुलीने हा शोधनिबंध वाचला होता की नाही ते मी विचारलं नाही. पण न बोललेल्या वाक्यांच्या कडव्यासाठी तिने नेमका हाच दरवाजा उघडला.

याला संकेत मोडणं म्हणायचं की गाण्याचं ऐकणं? माझ्या मते तिने गाण्याचंच ऐकलं.

संकेत हे कुणीतरी वरून घालून दिलेले नियम आहेत, अशा थाटात आपण बोलतो. बहुतेक संकेत कामाच्या अडचणीतून जन्माला आले. रॉक व्हिडिओत कट इतके जलद का? बँड तेच गाणं दहा-बारा वेळा वाजवतो, दर वेळी कॅमेरा वेगळ्या जागी असतो, आणि संकलकाकडे एकाच ओळीची डझनभर रूपं जमतात. चाल आणि ठेका तोच असल्याने कुठूनही कुठेही उडी मारता येते, सलगता गाणं सांभाळतं. धूर का? प्रकाशाच्या झोताला आकार यावा म्हणून, धूर नसेल तर मागचा दिवा नुसता डोळ्यांवर येतो. क्लोजअप का? टीव्हीचा पडदा लहान होता आणि रेकॉर्ड कंपनीला चेहरा विकायचा होता. क्वीन या बँडच्या १९७५च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या व्हिडिओतले अंधारातून उगवणारे चार चेहरे पुढे किती जणांनी उचलले, पण ती रचना मुळात त्यांच्याच १९७४च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरची, मिक रॉक यांनी काढलेल्या छायाचित्रातली. ज्याला आपण सुरुवात समजतो तीसुद्धा कशाची तरी पुनरावृत्ती असते.

माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांच्या म्युझिक व्हिडिओंवरच्या १९९२च्या पुस्तकातून निघालेले मुद्दे आता वर्गावर्गांत शिकवले जातात. प्रत्येक संगीतप्रकाराची आपली दृश्यं असतात. दृश्य आणि शब्द यांचं नातं असतं, म्हणजे दृश्य शब्दांचं चित्र काढतं, शब्दांत भर घालतं किंवा शब्दांना सोडून जातं. दृश्य आणि सूर यांचंही तसंच. मग क्लोजअपची मागणी, पाहण्याचा खेळ, इतर कलाकृतींचे संदर्भ. गुडविन निरीक्षण करत होते, आपण त्याची हजेरीपटासारखी यादी केली. विद्यार्थी एकेका मुद्द्यासमोर खूण करतात, ‘हे पाळलं, हे मोडलं’. त्या खुणांमध्ये गाणं कुठे आहे हे कुणी विचारत नाही.

त्याच दिवशी पाहिलेला दुसरा एक व्हिडिओ यासाठी आठवतो. गाणं रॅपचं. रॅप करणारा मुलगा फार ताकदीचा, शब्द एकमेकांच्या पाठीवर येणारे, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अनुभवाने बोलणारा. आणि व्हिडिओत तो कुठेच नाही. ढग, पाण्यावरची वलयं, पानांतून येणारं ऊन, सगळं मंद गतीत. का, असं मी विचारलं. उत्तर आलं, ‘रॅपमध्ये रॅपर दिसतोच, म्हणून आम्ही तो दाखवला नाही.’ या व्हिडिओला संकेत मोडल्याबद्दल जवळजवळ पूर्ण गुण मिळाले.

त्या मुलांवर माझा राग नाही, त्यांनी मागितलं ते दिलं. पण रॅपमध्ये गाणारा लेन्सकडे तोंड करून, खालच्या कोनातून, हात पुढे करून का बोलतो? कारण रॅप ही साक्ष असते. ‘हे मी पाहिलं, मी सोसलं’ असं सांगणाऱ्याचा चेहरा हाच त्याचा पुरावा असतो. शिवाय इतके दाट शब्द पकडायला कानाला ओठांची मदत लागते. चेहरा काढून घेतला म्हणजे साक्षीदाराला पिंजऱ्यातून उठवलं आणि त्याची जबानी कुणा दुसऱ्याने वाचून दाखवली. तेही करता येतं. गाणं अशा माणसाबद्दल असतं की ज्याला चेहरा दाखवण्याची सोय नाही, तर ढगांनीही काळीज पिळवटलं असतं. ते गाणं तसं नव्हतं. ते गाणं छाती पुढे काढून उभं होतं आणि दृश्यांनी त्याला खाली बसवलं.

तिसरा व्हिडिओ नाचाचा होता. आठ जणांचा गट, पॉप गाणं, चटकदार रंग. त्याच्यापुढे शेरा पडला ‘टिपिकल’. त्या व्हिडिओत पायापासून डोक्यापर्यंत शरीर दिसेल अशा चौकटी होत्या, कट नेमके वळणाच्या मध्यावर होते, त्यामुळे एक गिरकी दोन जागी पूर्ण व्हायची आणि डोळ्याला धक्का बसायचा नाही. नाचाचं चित्रण करणाऱ्या कुणालाही विचारा, हे किती अवघड आहे. वर त्यांनी हळूच एक केलं होतं, दर ध्रुवपदाला मधली जागा दुसऱ्या कुणाकडे जात होती. नायक-नायिका कुणीच नाही. चित्रपट-अभ्यासक स्टीव्ह नील यांनी १९८० मध्ये लिहिलं होतं की चित्रप्रकार पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हींवर चालतात. पुनरावृत्ती चोख असल्याशिवाय एवढासा फरक दिसतच नाही. त्या आठ जणांचं काम ‘टिपिकल’ म्हणून बाजूला पडलं याचं मला आजही वाईट वाटतं.

पुन्हा रॉकच्या व्हिडिओकडे येते. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती तक्त्यात कुणीच लिहिली नाही. मीही पहिल्यांदा पाहताना चुकवली. बँडची गायिका मुलगी असली की कॅमेरा सहसा तिच्याशी एका ठरावीक पद्धतीने वागतो. ओठ, मान, खांदा, कंबर, असे तुकडे. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५च्या निबंधात चित्रपटांबद्दल जे म्हटलं, की कथा थांबवून बाईकडे पाहिलं जातं आणि पाहणारी नजर पुरुषाची असते, ते म्युझिक व्हिडिओत तर उघड चालतं. इथे मात्र गायिकेचे क्लोजअप रॉकमधल्या पुरुष गिटारवादकाचे असतात तसे होते. गिटारच्या पट्ट्याखाली दबलेला सदरा, कपाळावरचा घाम, वरच्या पट्टीत जाताना ताणलेली गळ्याची शीर. तिच्या कामाचे क्लोजअप. वरवर पाहता सगळा रिवाज पाळलेला, आणि आतून त्याची नजर बदललेली. हे करताना तिने काहीही गाजावाजा केला नाही. रिवाज वाकवण्याचा हा प्रकार मला मिटलेल्या ओठांइतकाच मोलाचा वाटतो, कदाचित जास्तच, कारण त्यासाठी कुणी रकानाच ठेवलेला नव्हता.

आता कुणी म्हणेल, गाणारा ओठ हलवत नाही यात नवं ते काय? खरंच नवं नाही. आर.ई.एम. या अमेरिकी बँडचे मायकेल स्टाइप आधीच्या व्हिडिओंत ओठ हलवणं टाळत, आणि १९९१ मध्ये तरसेम सिंग यांच्या दिग्दर्शनात ते त्यासाठी तयार झाले, तेव्हा त्यांचं ओठ हलवणं हेच वेगळेपण ठरलं. त्याआधी द रिप्लेसमेंट्स या बँडने एका व्हिडिओत बँडच दाखवला नाही, बहुतेक वेळ पडद्यावर नुसता एक स्पीकर थरथरत होता. म्हणजे मोडण्यालाही आता परंपरा आहे. मोडणं हेसुद्धा एक पाळणंच असू शकतं. म्हणून ‘मोडलं का?’ हा प्रश्न फार पुढे नेत नाही. ‘इथेच का?’ हा प्रश्न नेतो. या ओळीला का, या सेकंदाला का, याच वाद्याच्या वेळी का?

मी त्या मुलीला हेच विचारलं. ती म्हणाली, ‘मॅडम, दुसरं कडवं ती कुणालाच म्हणत नाहीये. मग तोंड कुणासमोर हलवायचं?’ मी म्हटलं, मग कट का थांबवले? ती म्हणाली, ‘पहिल्या कडव्यात भांडण आहे, भांडणात माणूस सगळीकडे बघतो. गप्प बसलेलं माणूस एकीकडेच बघतं.’ धुराचं विचारलं तर तिने खरं ते सांगितलं. शूटिंगच्या शेवटी धुराच्या यंत्रातलं द्रव संपलं होतं. हा शॉट शेवटच्यासाठी ठेवला होता, धूर विरत चालला होता, तो तसाच विरू दिला आणि हॉलचे दिवे लावायला सांगितले. अडचणीतून निघालेल्या संकेतांबद्दल मी वर लिहिलं आहे. तिने अडचणीतूनच एक संकेत सोडूनही दिला.

एवढं सगळं लिहिल्यावर मला एक कबुलीही द्यायची आहे. माझ्या शेजारच्या परीक्षकाचं पूर्णपणे चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या रात्री मी व्हिडिओ पुन्हा पाहिला, या वेळी त्यांच्या डोळ्यांनी. एक मिनिट चौतीस सेकंदांपर्यंत एकसष्ट कटांनी माझी खात्री करून दिली होती की आवाज आला की ओठ हलतील. मग एकदम ओठ हलले नाहीत. पहिले दोन-तीन सेकंद मलाही वाटलं होतं की काहीतरी सुटलंय. तिने माइक स्टँडवर ठेवल्यावर मला कळलं. ते दोन-तीन सेकंद मी सावरून घेतले, कारण मी तिच्या बाजूची होते. दिवसभरात वीस-पंचवीस व्हिडिओ पाहून दमलेला माणूस ते सावरून घेईलच असं नाही, आणि पहिल्यांदा पाहणारा प्रेक्षक तर तिला काहीच देणं लागत नाही. संकेत जितका घट्ट, तितकं तो सोडताना हात दाखवून सोडावं लागतं. कीर्तनकारही चाल बदलायच्या आधी एक क्षण टाळ थांबवतो.

मी तिला हे सांगितलं. गुण आता बदलणार नव्हते, तरीही ती चार दिवसांनी नवा कट, म्हणजे व्हिडिओची नवी आवृत्ती, घेऊन आली. शॉट तोच, एक्केचाळीस सेकंदांचा, त्याला हात लावलेला नाही. त्याच्या आधी, ध्रुवपदाच्या शेवटच्या ठोक्यावर, तिने बारा फ्रेमचा एक क्लोजअप टाकला होता. गायिका ध्रुवपदाचा शेवटचा शब्द संपवते, श्वास घेते, पुढची ओळ म्हणण्यासाठी तोंड उघडते आणि ते मिटून घेते. बस. अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. हा शॉट तिच्याकडे मुळात होता, एका टेकमध्ये गायिका ओळ विसरली होती आणि थांबली होती, तो वाया गेलेला टेक. मी तिला आधी सांगितलं होतं की इशारा द्यायचा तर माइक स्टँडवर ठेवण्याची क्रिया कडव्याच्या आधी सरकव. माझी सूचना चुकीची होती. तिचा उपाय त्याहून कितीतरी चांगला होता, कारण त्यात गप्प बसण्याची कृती दिसत होती. पुढचे एक्केचाळीस सेकंद आता चुकीचे वाटणं शक्यच नव्हतं.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राचं वजन आहे, म्हणून दोन विनंत्या. विद्यार्थ्यांच्या कामाबद्दल पुरवणीत पुन्हा लिहिलं जाईल तेव्हा लिहिणाऱ्याने आधी डोळे मिटून फक्त गाणं ऐकावं, मग व्हिडिओ पाहावा. गाणं काय मागतं आहे हे माहीत नसताना साच्याबद्दल बोलणं म्हणजे कापडाचं माप न घेता शिवणीला नावं ठेवणं. आणि जिथे असं मूल्यमापन होतं तिथल्या मंडळींनी ‘संकेत मोडले का?’ हा रकाना काढून टाकावा. त्याच्या जागी विद्यार्थ्यांकडून एक पान मागावं. आपल्या व्हिडिओतल्या कुठल्याही तीन जागा, मिनिट-सेकंदासह, आणि तिथे रिवाज का पाळला किंवा का सोडला, एवढंच. पाळल्याचंही कारण द्यावं लागलं की मुलांना कळेल, पाळणं हासुद्धा निर्णय असतो. रॅपच्या व्हिडिओवाल्या मुलांना हे पान लिहावं लागलं असतं, तर ढग तसेच राहिले असते का, मला शंका आहे. त्या मुलाचा चेहरा आपल्याला दिसला असता. फार बोलका चेहरा आहे त्याचा. तोंडी परीक्षेच्या वेळी त्याने दोन ओळी म्हणून दाखवल्या, तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले होते.

रॉकच्या व्हिडिओचा नवा कट मी त्या परीक्षकांना पाठवला आहे. त्यांचं उत्तर आलं, ‘एक चौतीसच्या आधीचा तो शॉट पहिल्या वेळी का नव्हता?’ मी ते तसंच त्या मुलीकडे पाठवलं. तिने कळवलं, ‘त्यांना सांगा, तेव्हा मला वाटत होतं की तो टेक वाया गेलाय.’

आपली नम्र,
एक चित्रपट-संकलक आणि शिक्षिका